सीएनसीची गोडी लागते ती नेमकी कशाची?

बेळगावच्या उद्यमबागेतून किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीतून एक चक्कर मारली की गेटांवर पाट्या दिसतात: 'सीएनसी ऑपरेटर पाहिजेत', 'व्हीएमसी सेटर पाहिजे'. हत्तरगीच्या सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, विमानांचे भाग बनतात, हे आता बेळगाव जिल्ह्यात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. त्यामुळे दहावी-बारावीचे निकाल लागले की खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या घरांत हमखास विषय निघतो. पोरगं सीएनसी शिकतो म्हणतंय, ते नक्की असतं काय? बटण दाबायचं काम का?

याच्या जोडीला आणखी एक कोडं असतं. जे या कामात रुळतात ते घरी आल्यावरही मोबाइलवर चिप, म्हणजे कातताना निघणारा लोखंडाचा कीस, उडणारे व्हिडिओच बघत बसतात. शिफ्ट करून दमलेल्या माणसाला पुन्हा तेच का बघावंसं वाटतं? दोन्ही प्रश्नांचं उत्तर मशीनच्या आतच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

## आधी साधा लेथ समजून घेऊ

साध्या लेथवर जॉब, म्हणजे ज्याच्यावर काम करायचं तो लोखंडाचा तुकडा, चकात, म्हणजे जबड्यांच्या पकडीत, पकडून गरगर फिरवतात. हत्यार, म्हणजे टूल, फिरत नाही. ते दोन हँडलनी सरकवायचं. एक हँडल टूल जॉबच्या लांबीच्या दिशेनं नेतं, दुसरं ते जॉबच्या मध्याकडे आत-बाहेर करतं. सरळ दांडा कातायचा तर एका वेळी एकच हँडल पुरतं. पण दांड्याच्या टोकाला गोळा काढायचा असेल तर दोन्ही हात एकाच वेळी, वेगवेगळ्या गतीनं चालवावे लागतात. कसलेला मेस्त्री तेही करून दाखवतो. मात्र पन्नास गोळे अगदी एकसारखे काढायला सांगितले की त्याचाही कस लागतो.

नेमकी हीच अडचण विमानांच्या कामात आली. अमेरिकेतले जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करत होते. पात्याचा आकार वक्र, त्यामुळे त्या वक्ररेषेवरचे बिंदू गणितानं काढायचे आणि मग मशीन एकेका बिंदूवर नेऊन कापायचं. एका हँडलला एक माणूस, दुसऱ्याला दुसरा, आणि आकडे वाचून दाखवायचे! हे हँडल मोटरनं फिरवलं आणि आकडे मोटरलाच दिले तर? या विचारातून पुढे एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम झालं आणि १९५२ साली भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून आकडे वाचणारं मिलिंग मशीन लोकांसमोर चालवून दाखवलं गेलं. हेलिकॉप्टरच्या पात्यासाठी निघालेली ही विद्या आज हत्तरगीत विमानांच्या भागांवर चालते, ही गोष्ट मनाला फार भावते.

सीएनसी म्हणजे कम्प्युटर न्यूमेरिकल कंट्रोल. सोपं करून सांगायचं तर हँडलवरचा हात काढला, तिथं मोटर बसवली, आणि किती फिरायचं ते त्या मोटरला आकड्यांत सांगितलं. जॉब फिरतो तो सीएनसी लेथ. जॉब टेबलावर बांधलेला आणि वरून उभं कटर फिरतं ते व्हीएमसी.

अर्थात मोटर बसवली म्हणजे झालं, असं नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगला 'प्ले' असतो, चक्र चार बोटं फिरवलं तरी चाक हलत नाही. साध्या लेथच्या स्क्रूलाही तसाच प्ले असतो, त्याला बॅकलॅश म्हणतात. मेस्त्रीच्या हाताला तो कळतो आणि तो सांभाळून घेतो. मोटरला हात नाहीत. म्हणून सीएनसीत बॉलस्क्रू असतो: स्क्रू आणि नटच्या मध्ये पोलादी गोळ्या घरंगळतात, त्यामुळे प्ले जवळजवळ उरत नाही. शिवाय मोटरच्या मागं एन्कोडर बसवलेला असतो. मोटर खरोखर किती फिरली ते तो मोजतो आणि कंट्रोलला सतत कळवत राहतो. कमी पडलं तर कंट्रोल लगेच भरून काढतो.

## ठिपक्यांची रांगोळी आणि सहा ओळींचा प्रोग्रॅम

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला प्रोग्रॅमिंग समजायला वेळ लागू नये. ठिपके आधी, रेषा नंतर. या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर सरळ जायचं की वळण घेऊन, एवढंच सांगायचं असतं. सीएनसी लेथवर ठिपक्याचे दोन आकडे असतात. एक्स म्हणजे व्यास, झेड म्हणजे लांबी.

४४ मिलिमीटरचा दांडा ८० मिलिमीटर लांबीपर्यंत ४० मिलिमीटरला उतरवायचा आहे. प्रोग्रॅमचा गाभा असा (पडद्यावर ही अक्षरं रोमन लिपीत दिसतात):

टी०१०१
जी५० एस२०००
जी९६ एस१८० एम०३
जी०० एक्स४०.० झेड२.० एम०८
जी०१ झेड-८०.० एफ०.२
जी०१ एक्स४५.०

पहिली ओळ: एक नंबरचं टूल घे आणि त्याचा ऑफसेट, म्हणजे त्याच्या टोकाची नोंदवलेली जागा, लागू कर. जी०० म्हणजे हवेतून भरधाव जा. जी०१ म्हणजे कापत, सांगितलेल्या गतीनं सरळ जा. एम०३ ला चक फिरायला लागतो, एम०८ ला कूलंट, म्हणजे कापताना गार ठेवणारं तेलपाणी, सुरू होतं. एफ०.२ म्हणजे जॉबच्या दर फेऱ्याला टूल ०.२ मिलिमीटर पुढे सरकेल. शेवटच्या ओळीत टूल खांद्यावरून, म्हणजे तयार झालेल्या पायरीवरून, बाहेर येतं. पुढे त्याला लांब नेऊन मशीन थांबवायचं.

राहिला जी९६. जत्रेतल्या चक्रीत कडेच्या घोड्यावर बसलेलं पोर मधल्या घोड्यावरच्या पोरापेक्षा जोरात पळतं, फेरे मात्र दोघांचे सारखेच. लोखंड कापताना महत्त्वाचा असतो तो टूलच्या टोकाखालून पृष्ठभाग पळतो तो वेग. इथं तो मिनिटाला १८० मीटर सांगितला आहे. ४० च्या व्यासावर त्यासाठी मिनिटाला साधारण १४३२ फेरे लागतात. व्यास १० वर आला तर ५७३० लागतील! जी९६ मुळे मशीन फेरे आपोआप वाढवत जातं, आणि जी५० एस२००० हा त्याला घातलेला लगाम, दोन हजारांच्या वर जायचं नाही. हा लगाम विसरला आणि जॉब मोठा, किंचित तिरका पकडलेला असेल, तर फेरे वाढता वाढता तो चकातून सुटू शकतो. या एका ओळीला कधीही फाटा देऊ नये.

आता एका टिंबाची गोष्ट. 'एक्स४०.०' मधलं टिंब राहून गेलं आणि 'एक्स४०' एवढंच टाइप झालं, तर अनेक कंट्रोल त्याचा अर्थ ४० मायक्रॉन असा घेतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे व्यास शून्याला लागून. गंमत अशी की त्या ओळीला काहीच घडत नाही, कारण टूल अजून जॉबच्या दोन मिलिमीटर पुढे हवेत असतं. फक्त चकाचा आवाज एकदम चढतो, कारण जी९६ ला वाटतं व्यास संपला. तो आवाज ज्याच्या कानाला खटकला त्यानं मशीन वाचवलं. नाहीतर पुढच्या ओळीला टूल जॉबच्या पोटात सरळ घुसतं आणि दोन मिलिमीटरच्या जागी बावीस मिलिमीटरचा घास घेतं. इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा, त्याला धरणारा होल्डर, कधी टूलं बसवलेल्या टरेटची सेटिंगसुद्धा जाते. म्हणूनच नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना सिंगल ब्लॉकवर, एकेक ओळ करून चालवतात, फीडचं, म्हणजे टूल सरकण्याच्या गतीचं, बटण अगदी खाली ठेवतात आणि पडद्यावर 'अजून किती अंतर जायचं' तो आकडा वाचतात. टूल जॉबपासून पाच मिलिमीटरवर दिसतंय आणि पडद्यावर अजून पंचवीस जायचे आहेत, तर थांबायचं.

## ओढ लागते ती इथं

सहा ओळी लिहिल्या, दार बंद केलं, हिरवं बटण दाबलं. सतरा सेकंदांनी ८० मिलिमीटरचा चकचकीत दांडा समोर. मायक्रोमीटर लावला, ४०.०३ आला. हवा होता ४०.००. ऑफसेटच्या पानावर −०.०३ भरलं. पुढचा पीस ४०.००.

हा क्षण बऱ्याच जणांना बांधून घालतो. आपण बांधलेला अंदाज बरोबर की चूक, हे बहुतेक कामांत महिन्यांनी कळतं. शेतात पेरणी ते काढणी एवढा काळ जातो. इथं अर्ध्या मिनिटात लोखंड उत्तर देतं, आणि तेही आकड्यात. त्या उत्तरात कुणाची मर्जी नसते. मेस्त्री म्हणाले म्हणून बरोबर, असं नसतं. नवख्या पोराचा ४०.०० आणि वीस वर्षं घासलेल्या माणसाचा ४०.०० सारखाच मोजला जातो.

त्यातही एक खाच आहे, आणि ती प्रत्येकाला एकदा तरी बोचते. ऑफसेट भरताना 'इनपुट' आणि 'प्लस इनपुट' अशी दोन बटणं असतात. आधीच्या आकड्यात भर घालायची तर प्लस इनपुट. नुसतं इनपुट दाबलं तर आधीचा आकडा पुसून नवा बसतो. आधी −०.१२ होता आणि तुम्ही −०.०३ इनपुट केलं, तर टूल आत येण्याऐवजी ०.०९ बाहेर गेलं आणि दांडा ४०.१२ झाला. दांडा असेल तर पुन्हा कातून वाचतो. हीच चूक भोकात झाली आणि भोक मोठं झालं, तर तो पीस भंगारात.

दुसरी ओढ चिपची. टूलवर बसवलेला कार्बाइडचा छोटा तुकडा म्हणजे इन्सर्ट. त्याच्या डबीवर सीएनएमजी १२०४०८ असं काही छापलेलं असतं. पहिलं अक्षर आकार सांगतं, इथं ८० अंशांचा चौकट-पत्ता. शेवटचं ०८ म्हणजे टोकाची गोलाई ०.८ मिलिमीटर. दोन्ही बाजू मिळून चार कोपरे वापरता येतात. फीड आणि खोली बरोबर जमली की पोलादाची चिप इंग्रजी सहा आणि नऊच्या आकाराची, तुटून पडते. रंग तपकिरीकडून निळसर. उष्णता चिपबरोबर बाहेर चालली आहे, जॉबमध्ये मुरत नाही, असा त्याचा अर्थ. फीड फार कमी ठेवलं तर चिप तुटत नाही, लांब रिबन होऊन जॉबला आणि चकाला गुंडाळत जाते. चिप बघून काम वाचणं हा या धंद्यातला खरा आनंद आहे, आणि ते व्हिडिओ लोक उगाच बघत नाहीत.

तिसरी ओढ गणिताची. फिनिश खरखरीत येतंय, काय करू? फीडचा वर्ग करा आणि टोकाच्या गोलाईच्या आठपटीनं भागा. ०.२ फीड आणि ०.८ गोलाईला पृष्ठभागावरच्या चढ-उताराची उंची कागदावर सहा मायक्रॉनच्या थोडी वर येते. फीड निम्मं, ०.१ केलं की दीड मायक्रॉनच्या आसपास. फीड निम्मं, खरखर पाव! प्रत्यक्षात इन्सर्टची झीज आणि मशीनची थरथर त्यात भर घालते, पण दिशा हीच राहते. शाळेत ज्याला वर्ग-घन रटाळ वाटले त्याच्या बोटाला हा फरक लागतो, तेव्हा गणिताशी त्याचं भांडण मिटतं.

## मायक्रॉनचं एवढं कौतुक कशाला?

जुन्या कारखान्यांत सुतात बोलायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मायक्रॉनमध्ये ३१७५. सीएनसीवर २५ मिलिमीटरच्या भोकाला ड्रॉइंगमध्ये 'एच७' लिहिलेलं असेल तर भोक २५.००० ते २५.०२१ च्या मध्ये हवं. सूट २१ मायक्रॉनची, माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी.

एवढं काटेकोर का लागतं, हे बेळगावात तरी सहज पटावं, कारण हायड्रॉलिक्स हा इथला जुना धंदा. नांगर उचलून ट्रॅक्टर उभा केला आणि नांगर हळूहळू खाली बसायला लागला, हे शेतकऱ्यानं बघितलेलं असतं. सील गेलेलं असू शकतं, किंवा व्हॉल्व्हमधला स्पूल, म्हणजे भोकात पुढे-मागे सरकणारी छोटी दांडी, आणि भोक यांमधली फट वाढलेली असते. अशा फटीतून गळणारं तेल फटीच्या घनाप्रमाणे वाढतं. फट ८ मायक्रॉनची १६ झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. मोजायला ८ मायक्रॉन चुकलं, भोगायला आठपट. असे स्पूल शेवटी ग्राइंडिंग-होनिंग करूनच बसवतात, पण त्याआधीचं सीएनसीचं काम वाकडं असेल तर पुढचा माणूस काही करू शकत नाही.

मायक्रॉनच्या जगात उन्हाचाही हिशोब येतो. पोलाद तापलं की फुगतं: १०० मिलिमीटरच्या मापाला १० अंशांमागे ११-१२ मायक्रॉन. १०० च्या एच७ भोकाला सूट ३५ ची, म्हणजे तिसरा हिस्सा नुसत्या गरमीनं खाल्ला. डिसेंबरात बेळगावची पहाट आणि दुपार यांत केवढा फरक पडतो! सकाळी मशीन सुरू केल्याबरोबर काढलेला पहिला पीस आणि अकराचा पीस म्हणूनच जुळत नाहीत. उपाय साधा आहे. काम लावण्याआधी पंधरा-वीस मिनिटं स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, आणि दोन्ही अक्ष रिकामे फिरवायचे, आणि जॉब निवल्यावर मोजायचा. मापाचं जागतिक प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे.

## गोल कातलं, तरी गोल का येत नाही?

हे कोडं मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण चांगला सेटर, म्हणजे मशीनवर काम लावून देणारा, आणि नुसता बटण दाबणारा यांतला फरक इथं दिसतो.

पातळ भिंतीची एक रिंग आहे. तीन जबड्यांच्या चकात पकडली आणि आतून छान गोल बोअर मारला. मशीनवर असतानाच डायल लावला, दोन-तीन मायक्रॉनच्या आत. चक सोडला, रिंग गिऱ्हाइकाकडे गेली, आणि परत आली: बेअरिंग बसत नाही.

काय झालं? हायड्रॉलिक चकानं तीन ठिकाणी रिंग दाबून धरली होती, त्यामुळे ती आधीच किंचित तिकोनी झालेली. त्या तिकोनी अवस्थेत आपण तिला गोल कातलं. चक सोडल्यावर भिंत मूळ जागी परतली आणि कातलेला गोल उलटा तिकोनी झाला. खरी फसगत पुढे आहे. दोन टोकांनी मोजणाऱ्या बोअर डायलनं तपासलं तर माप सगळीकडे जवळजवळ सारखंच येतं! तीन फुगवट्यांच्या आकारात एका बाजूचा फुगवटा समोरच्या बाजूच्या खोलगटाला सामोरा येतो, आणि दोन टोकांमधलं अंतर बदलतच नाही. ऑपरेटर शपथेवर सांगतो माप बरोबर आहे, गिऱ्हाईक शपथेवर सांगतं बसत नाही, आणि दोघेही खरं बोलत असतात. तीन टोकांचा मायक्रोमीटर किंवा प्लग गेज लावला की चोर सापडतो.

मग करायचं काय? जबडे मऊ लोखंडाचे घ्यायचे, त्यांना सॉफ्ट जॉ म्हणतात. ते चकावर बसवून, मध्ये रिंग दाबून धरल्यासारखा ताण देऊन, जॉबच्या व्यासाएवढे कातून घ्यायचे. मग जबडा तीन बिंदूंवर न टेकता जवळजवळ सगळ्या घेराला कवेत घेतो. रफ काम जास्त दाबावर, फिनिश कमी दाबावर. तरीही जमत नसेल तर घेराऐवजी तोंडावरून, बाजूनं दाबून पकडायचं फिक्श्चर करायचं. ज्यांना असं कोडं सोडवण्यात रात्र गेली तरी चालते, ते या धंद्यात टिकतात, हे आम्ही खात्रीनं सांगू.

## 'सगळं मशीनच करतं, मग माणूस कशाला?'

कच्चा माल एकसारखा नसतो, म्हणून. आपल्या भागात फाउंड्री पुष्कळ, त्यामुळे सीएनसीवर कास्टिंगही पुष्कळ येतं. कास्टिंगच्या वरच्या कातडीत वाळूचे कण अडकलेले असतात. नवखा माणूस सांभाळून, पाव मिलिमीटरचा कट घेतो आणि इन्सर्ट वाळूतच घासत राहतो, दहा पिसांत बोथट होतो. पहिला कट दीड-दोन मिलिमीटर खोल घेऊन कातडीच्या खाली जायचं असतं. भीतभीत हळू गेलेलं इथं महागात पडतं. पातळ कडा ओतताना लवकर थंड झाली असेल तर तिथं काचेसारखा कडक ठिपका तयार होतो. तिथं टूल आलं की आवाज बदलतो. मशीनला तो ऐकू येत नाही.

कूलंटचंही असंच. पाण्यात पाच ते आठ टक्के कटिंग ऑइल, आणि तेल पाण्यात ओतायचं, पाणी तेलात नाही, नाहीतर दुधासारखं मिश्रण नीट होत नाही, फाटतं. पातळ झालं की गंज, घट्ट झालं की चिकटपणा आणि हाताला खाज. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टाकीतून सडका वास येतो, कारण मशीनचं तेल वर तरंगून हवा बंद करतं आणि खाली जंतू वाढतात. ते तेल रोज काढलं तर वास येत नाही. पावसाळ्यात तर बिडाचा ताजा कातलेला पीस रात्रीत तांबूस होतो, आणि उघड्या हातानं धरला असेल तर बोटांचे ठसे सकाळी गंजानं उमटलेले दिसतात. गंजरोधक तेलात बुडवूनच क्रेट भरायची.

## 'इंग्रजी नाही, गणित कच्चं'

जी-कोड ही इंग्रजी नाही. रोजच्या कामाला तीसेक कोड पुरतात आणि ते उद्यमबागेत, सीमेपलीकडे शिनोळीत आणि जर्मनीत जवळपास सारखेच असतात. इथल्या शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, एका मशीनवर मराठी, शेजारी कन्नड, मध्ये हिंदी चालते, आणि 'ऑफसेट मार' म्हटलं की तिघांनाही कळतं. आलार्म आणि ड्रॉइंगवरच्या टिपा तेवढ्या इंग्रजीत असतात. ते शब्द शे-दीडशे, दोन महिन्यांत पाठ होतात.

गणित मात्र लागतं, ते दहावीचं. २० मिलिमीटर लांबीत एका बाजूला १५ अंशांचा उतार द्यायचा आहे: २० गुणिले टॅन १५, म्हणजे ५.३६. लेथवर एक्स हा व्यास असतो, म्हणून दुप्पट, १०.७२. ही दुप्पट विसरणं ही नवख्यांची नेहमीची चूक, आणि अख्खा टेपर त्यामुळे चुकतो.

## 'उद्या कम्प्युटरच प्रोग्रॅम लिहील ना?'

आजही लिहितो. कॅम सॉफ्टवेअरला त्रिमितीय चित्र दिलं की हजारो ओळी तयार होतात, आणि पाच अक्षांवरचे विमानाचे भाग हातानं लिहून होणारच नाहीत. पण जॉब कुठं पकडायचा, टूल किती बाहेर काढायचं हे त्याला सांगणारा माणूसच असतो. बोरिंग बार, म्हणजे भोक कातणाऱ्या टूलची दांडी, पोलादाचा असेल तर जाडीच्या चारपटीपेक्षा जास्त बाहेर काढला की थरथरतो आणि भोकात लाटा उठतात, हे चित्रात दिसत नाही. नुसतं पीस काढ-घाल करणाऱ्याचं काम मात्र रोबो घेऊ शकतो आणि काही ठिकाणी घेतोही आहे. ऑपरेटर म्हणून लागा, पण दोन वर्षांत सेटिंग आणि प्रोग्रॅमिंगला हात लावू देतील असंच शॉप शोधा.

## 'स्वतःचंच मशीन घातलं तर?'

ही हौस चांगली, पण आधी कागदावर मांडा. समजा मशीन २० लाखांचं, पदरचे ५, कर्ज १५ लाख, ११ टक्क्यांनी पाच वर्षं. हप्ता महिन्याला ३२,६०० च्या आसपास. समजा तासाला ३०० रुपये दर मिळतो. दोन पाळ्या, २५ दिवस, म्हणजे ४०० तास. सेटिंग, वीज जाणं, इन्स्पेक्शन, मालाची वाट बघणं वजा जाता प्रत्यक्ष चिप पडते ती २८० तास धरा. ८४,००० आले. दोन ऑपरेटरना १८-१८ हजार दिले तर हप्त्यानंतर हाती १५,४०० राहतात, आणि त्यातून जागेचं भाडं, वीज, इन्सर्ट, कूलंट जायचं आहे. एका पाळीला स्वतः उभं राहिलात तरच हिशोब बसतो. शिवाय गिऱ्हाइकाचे पैसे साठ-नव्वद दिवसांनी येतात, हप्ता तीस दिवसांनी. तीन महिन्यांचा हप्ता बाजूला ठेवल्याशिवाय मशीन आणू नये, असं आमचं ठाम मत आहे.

## धोका कुठं आहे?

दाराच्या आत. दार उघडं असताना मशीन चालू नये म्हणून तिथं स्विच असतो. लवकर काम व्हावं म्हणून तो बांधून ठेवण्याची खोड काही शॉपमध्ये दिसते. अशा ठिकाणी पोराला ठेवू नका. फिरत्या जॉबजवळ हातमोजे घालायचे नाहीत, कारण कापड गुंडाळलं तर हातही ओढला जातो. चिप हातानं ओढायची नाही, हूक वापरायचा. लांब बार लावताना तो स्पिंडलच्या मागून बाहेर आलेला ठेवायचा नाही: फेरे वाढले की तो वाकतो आणि चाबकासारखा फिरतो.

## सुरुवात कुठून करावी?

आयटीआयचा टर्नर किंवा मशिनिस्ट हा दोन वर्षांचा कोर्स, किंवा उद्यमबागेतलं सरकारी टूल रूम आणि ट्रेनिंग सेंटर, जीटीटीसी. कुठंही गेलात तरी पहिले काही महिने साध्या लेथवर घालवा. हँडलमधून हाताला लागलेली लोखंडाची ताकद पुढे पडद्यावरचा आकडा वाचताना उपयोगी पडते.

पण फी भरण्याआधी ही गोडी आपल्याला लागणार की नाही, हे घरीच बघता येतं. आलेखाचा कागद घ्या. त्यावर तीन पायऱ्यांचा दांडा अर्धा काढा, मधली रेषा एक्स शून्य, उजवं तोंड झेड शून्य. कोपऱ्यांचे आकडे लिहा, व्यासात, दुपटीनं. आता चित्र झाका आणि फक्त आकडे धाकट्या भावंडाला वाचून दाखवा. त्यानं दुसऱ्या कागदावर पेन्सिल चालवायची, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. शेवटी दोन्ही कागद उजेडात एकावर एक धरा. परत येताना पेन्सिलची रेघ पायरीतून आरपार गेली असेल तर एक ओळ राहिली आहे: मागं येण्याआधी टूल बाहेर काढायचं होतं. ती ओळ लिहा आणि पुन्हा वाचून दाखवा.